गाणं द्यायचं, विकायचं नाही

२०१० च्या ऑगस्टमध्ये ‘पीपली लाइव्ह’ प्रदर्शित झाला, पण त्यातलं ‘महंगाई डायन’ त्याआधीच लोकांच्या तोंडी बसलं होतं. भाववाढीनं जो तो कावलेला, त्यात हे गाणं. निदर्शनांतही ते वाजायला लागलं. पडद्यावर ते गाणारे रघुवीर यादव मूळचे जबलपूरचे. ‘पंचायत’ मालिकेतले प्रधानजी म्हणून आज ते घराघरांत ठाऊक आहेत. त्यांच्याभोवती ढोलक-पेटी घेऊन बसलेली माणसं मात्र नट नव्हती. मध्य प्रदेशातल्या रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावची ती गाणारी मंडळी होती, आणि गाणंही त्यांच्याच बैठकीतलं.

गाणं गाजल्यावर पैशांची गोष्ट निघाली. आमच्या गाण्याचे आमच्या हातावर हजार-अकराशे रुपये टेकवले, अशी गावकऱ्यांची तक्रार वर्तमानपत्रांत आली. बोभाटा झाल्यावर निर्मात्यांनी हात झटकले नाहीत. मंडळींना पुढे काही लाख रुपये दिल्याच्या बातम्या आल्या. मंडळींचं नाव संगीताच्या श्रेयातही आहे. म्हणजे शेवट तसा बरा झाला. पण दोन्ही रकमा कशाच्या होत्या, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिली रक्कम दिवसभराच्या गाण्याची मजुरी होती का? दुसरी कशाची होती, चालीची, शब्दांची, आवाजाची, की मन राखण्याची? दोन्ही बाजूंना तेव्हा ते नीट सांगता आलं नसतं, कारण कॅमेरा सुरू होण्याआधी ते कुणी कागदावर उतरवलेलंच नव्हतं.

कायद्याच्या नजरेनं मंडळींची बाजू खरं तर भक्कम होती. चित्रपटासाठी सांगून करून घेतलेलं गाणं आणि चित्रपटाच्या आधीपासून असलेलं गाणं, यांत आपल्याकडे जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्यानं इतर काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवावं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम चित्रपटगीतांच्या बाबतीत असं लावलं जायचं की, निर्मात्यानं मोबदला देऊन काम करून घेतलं तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक निर्माता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी म्हणजे आयपीआरएस आणि पूर्व भारतातल्या चित्रपट निर्मात्यांची संघटना यांच्यातल्या खटल्यात हाच अर्थ पक्का केला. संगीतकार आणि गीतकार यांचा चित्रपटगीतावरचा हक्क त्या निकालानं जवळपास संपला. पुढची पस्तीस वर्षं हिंदी-मराठीतली मोठमोठी माणसं गाणं करून, पाकीट घेऊन घरी गेली. (गायकांची कथा आणखी वेगळी. रॉयल्टी मागावी की नाही, यावरून साठच्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात इतकं फाटलं की काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं थांबवलं. एकदा पैसे मिळाले की विषय संपला, हे रफींचं म्हणणं. गाणं विकलं जातंय तोवर आपला वाटा आहे, हे लताबाईंचं. कायदा लताबाईंच्या बाजूला यायला अर्धं शतक गेलं.)

२०१२ साली कायदा दुरुस्त झाला आणि २१ जूनपासून लागू झाला. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर हिरिरीनं बोलले होते. दुरुस्तीचा गाभा असा: गाणं चित्रपटात घेतलं, हक्क निर्मात्याला लिहून दिले, तरी थिएटरात चित्रपटासोबत वाजणं सोडून इतर कुठल्याही वापराच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. ‘सोडून देता येत नाही’ हे शब्दशः घ्यायचं. सही केली असली तरी तेवढ्यापुरता तो करार बाद. हा वाटा फक्त वारसाला किंवा वसुलीसाठी नोंदणीकृत संस्थेला देता येतो.

हे झालं सांगून करून घेतलेल्या गाण्याचं. जबलपूरच्या एखाद्या पोरानं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशानं गाणं केलं, ऑनलाइन टाकलं, आणि आज मुंबईहून कुणी ते मालिकेतल्या प्रसंगासाठी मागतंय, तर १७ वं कलम मधे येतच नाही. मालक तोच. निर्मात्याला गाणं हवं असेल तर परवाना मागावा लागेल. या परवान्याला धंद्यात ‘सिंक’ म्हणतात, चित्राला गाणं जोडण्याचा परवाना. घर भाड्यानं देताना आपण किती महिने, किती माणसं, गच्ची वापरायची की नाही, सगळं विचारतो, आणि भाडेकरूच्या नावे खरेदीखत करत नाही. सिंकचा करार हा भाडेकरार आहे. मुंबईहून येतो तो कागद मात्र पुष्कळदा खरेदीखताचा मसुदा असतो. त्याला ‘बायआउट’ म्हणतात.

तो तसा का असतो, हेही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर उगाच समोरच्याला चोर ठरवण्याकडे कल होतो. आपल्याकडे चित्रपटाची सगळी गाणी मिळून एका संगीत कंपनीला विकायची जुनी पद्धत आहे. कंपनी निर्मात्याला एकरकमी पैसे देते आणि त्या बदल्यात सगळ्या गाण्यांचे सगळे हक्क मागते. त्यात एक गाणं भाड्याचं निघालं की कंपनीचा वकील निर्मात्याच्या मागे लागतो, म्हणून निर्माता तुमच्या मागे लागतो. गाणं पार्श्वभूमीला वाजणार असेल आणि अल्बममध्ये जाणार नसेल, तर ही अडचण उरत नाही. तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा विचारूच नये. गाणं चित्रपटाच्या अल्बमवर जाणार आहे का, हे विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं तर पूर्ण हक्क मागण्याचं कारणच संपतं, आणि हे शांतपणे सांगता येतं.

दुसरी गोष्ट, एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे तयार झालेली ती विशिष्ट फाइल, जिला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. निर्मात्याला दोन्हींचा परवाना लागतो. मोठ्या कंपनीच्या गाण्यात हे दोन दरवाजे वेगवेगळ्या कचेऱ्यांत असतात आणि पत्रव्यवहारात महिने जातात. स्वतंत्र कलाकाराकडे दोन्ही किल्ल्या एकाच खिशात, आणि त्याची खरी बाजारकिंमत तीच आहे. मालिकेचं संकलन रात्री दोनला चालू असतं, भाग परवा द्यायचा असतो. अशा वेळी ‘दोन्ही हक्क माझे, कागद तयार आहेत, सकाळी सही करतो’ म्हणणारा माणूस सोन्याचा वाटतो.

पण दोन्ही किल्ल्या खरंच खिशात आहेत का? बहुतेक बँड इथे अडकतात. गाणं चौघांनी बसवलं, शब्द मैत्रिणीचे, बासरी वाजवायला आलेल्याला चहा आणि रिक्षाचे पैसे दिले, ढोलकीचा तुकडा कुठल्याशा लूपच्या पॅकमधून उचलला. दोन वर्षांनी परवाना मागणारा येतो तेव्हा बँड फुटलेला असतो आणि मैत्रीण फोन उचलत नाही. गाणं पुरं झालं त्याच रात्री, स्टुडिओतून उठायच्या आधी, एका पानावर गाण्याचं नाव, तारीख, चाल कुणाची किती टक्के, शब्द कुणाचे किती टक्के, मास्टर कुणाचा, असं लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. पाहुण्या वादकाकडून, माझं वाजवणं या ध्वनिमुद्रणात आणि त्याच्या चित्रपट-टीव्हीतल्या वापरात चालेल, अशी दोन ओळींची संमती घ्यावी. वाद्य वाजवणाऱ्यालाही कायद्यानं स्वतंत्र हक्क आहेत, पन्नास वर्षांचे. लूप घेतला असेल तर त्याचा परवाना डाउनलोड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. मैत्रीत हिशेब कशाला, असं म्हणणारे भेटतात. मैत्री टिकवायची असेल तर याच रात्री हिशेब करावा, असं माझं मत.

कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. गाणं तयार झालं की हक्क जन्मतो. तरी नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. सांगीतिक रचनेला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क २०१३ च्या नियमांत आहे. पन्नास गाण्यांची नोंदणी करत बसण्यापेक्षा ज्या दोन-तीन गाण्यांना मागणी येईलसं वाटतं तेवढीच करावी.

जबलपुरात एक वेगळी गुंतागुंत आहे, ती नर्मदेची. नदीकाठाची ‘बंबुलिया’ गीतं, बुंदेली फागा आणि राई इथल्या संगीताच्या अंगात मुरलेली आहेत. लोकगीत कुणाचं? परंपरेनं चालत आलेल्या चालीवर आणि शब्दांवर कुणा एकाचा कॉपीराइट नसतो. कुणीही ती गाऊ शकतो, चित्रपटवालाही. पण ग्वारीघाटावर बसून तुम्ही ते गायलात आणि रेकॉर्ड केलंत, तर ते ध्वनिमुद्रण तुमचं, गाणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क त्याचा, आणि तुम्ही घातलेला नवा अंतरा किंवा वाद्यमेळ तुमचा. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडनं ‘कांदिसा’ या २००० सालच्या अल्बममध्ये ‘मा रेवा’ घेतलं, ते नर्मदेचंच पारंपरिक गाणं. बँडचे राहुल राम नर्मदा आंदोलनात वावरलेले, गाणं तिथून आलं. उद्या कुणाला नर्मदेचं गाणं चित्रपटात हवं असेल तर तो घाटावरच्या बाईकडून नवं रेकॉर्ड करून घेऊ शकतो. पण इंडियन ओशनची ती फाइल हवी असेल तर परवाना लागेल. लोकसंगीत करणाऱ्यानं हाच फरक पकडून चालावं. चाल अडवता येत नाही. आपला आवाज आणि आपली फाइल अडवता येते.

पण लोकगीत म्हणून हात पुसायच्या आधी चौकशी करावी लागते, कारण लोकांचं म्हणून खपणाऱ्या कितीतरी गाण्यांचे कर्ते ओळखीचे असतात. ‘दिल्ली-६’ (२००९) मधलं ‘गेंदा फूल’ आलं तेव्हा छत्तीसगडात नाराजी झाली ती याच कारणानं. जोशी भगिनींच्या आवाजात तिथे ते कित्येक वर्षं ऐकलं जात होतं, आणि ते बांधणाऱ्यांची नावंही तिथल्या लोकांना ठाऊक होती. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत चित्रीकरण करायचं तर कुठली परवानगी कुठून घ्यायची, हे निर्मिती व्यवस्थापकाला तोंडपाठ असतं; ‘जिस देश में गंगा बहती है’पासून ‘अशोका’, ‘मोहेंजो दारो’पर्यंत तिथे चित्रपट होत आले. काठावर ऐकू आलेल्या गाण्याची परवानगी मात्र कुणाकडून घ्यायची, हे त्याला माहीत नसतं, आणि सांगायला तिथे कुणी उभंही नसतं.

असं उभं राहणाऱ्या माणसाला आता मुंबईत नाव आहे, म्युझिक सुपरवायझर. ‘गली बॉय’नं (२०१९) हे काम सगळ्यांच्या नजरेत आणलं. त्याचं संगीत एका संगीतकाराला न देता अंकुर तिवारी यांनी रॅपर, निर्माते, कवी असे डझनांनी स्वतंत्र कलाकार जोडून उभं केलं. डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं ‘मेरे गली में’ चित्रपटाच्या चार वर्षं आधीपासून अस्तित्वात होतं. चित्रपटात ते नव्यानं आलं. ‘असली हिप हॉप’ लिहिणारा स्पिटफायर छतरपूरचा, म्हणजे आपल्या बुंदेलखंडातला. तिथल्या पोराला मुंबईचा दरवाजा उघडला, कारण दरवाजाआड गाणी ऐकत बसणं हेच ज्याचं काम आहे असा माणूस होता. स्वतंत्र कलाकारानं दिग्दर्शकाच्या मागे लागण्यापेक्षा या लोकांपर्यंत पोचावं. दहा गाण्यांची लिंक पाठवू नये. दोन पाठवावीत, प्रत्येकाखाली एक ओळ: कसला भाव, कुठली भाषा, दोन्ही हक्क कुणाकडे, संपर्क कुठला. फाइलच्या आतल्या माहितीतही नाव आणि फोन भरलेला असावा, कारण लिंक हरवते आणि फाइल कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर पाच वर्षं पडून राहते.

गाणं हिंदीत किंवा मराठीत असलंच पाहिजे असंही नाही. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्ये (२०२४) मुंबईच्या पावसातल्या प्रसंगांवर एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू या इथिओपियन जोगिणीचा पियानो वाजतो. ती २०२३ साली गेली; चित्रपट तिच्या खिजगणतीतही नसणार. कित्येक दशकांपूर्वीचं तिचं वादन मुंबई-रत्नागिरीच्या गोष्टीत जाऊन बसलं. सिंकचं बलस्थान हे आहे: गाणं एकदा करून ठेवायचं, त्याचा प्रसंग कुठेतरी नंतर लिहिला जातो.

आता कागदाकडे. परवान्यात काय हवं ते कायद्यानंच बरंचसं सांगून ठेवलंय. कुठलं गाणं, कुठले हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, किती पैसे, हे सगळं लेखी पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ज्यानं मसुदा केला त्याला हे ठाऊक असतं, म्हणून त्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द असतात. (विश्व म्हणजे खरंच विश्व, काही मसुद्यांत परग्रहही धरलेले असतात.) ओटीटी मालिका जगभर दिसते, तेव्हा प्रदेश ‘जग’ द्यायला हरकत नाही. मुदतीवर मात्र अडून बसावं, निदान ‘या मालिकेत, या प्रसंगात’ एवढी चौकट तरी घालून घ्यावी. ट्रेलर आणि जाहिरात यांचे पैसे वेगळे. शब्दांसकट समोर वाजणारं गाणं आणि संवादाखाली दबलेली पंधरा सेकंदं यांचा भाव एक नसतो, तेव्हा प्रसंग विचारून घ्यावा. दोन मालक असतील तर, रचनेला जेवढे द्याल तेवढेच मास्टरला, ही अट घालायची पद्धत आहे. परवाना अनन्य नसावा, म्हणजे तेच गाणं पुढच्या वर्षी दुसऱ्यालाही देता येतं.

सहीआधी आणखी एक तपासायचं. गाणं ज्या वितरकामार्फत ऑनलाइन टाकलं, त्याच्या अटींत तुम्ही कधीतरी घाईत खूण केलेली असते. ‘सिंकसाठीही आम्हीच’ अशी ती खूण असेल तर तुमच्याकडची किल्ली त्यांच्याकडे गेलेली असते. आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत गाणं नोंदवलेलं असेल तर मालिकेचा ट्रेलर चढल्याबरोबर तुमच्याच गाण्यावरून त्यांच्यावर दावा लागतो. तो चॅनेल आधीच दाव्यातून सूट दिलेल्यांच्या यादीत घालून ठेवावा. पहिल्याच ग्राहकाला नोटीस जाणं बरं दिसत नाही.

फाइल द्यायची ती डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. चित्राचं काम ४८ वर चालतं, सीडीच्या ४४.१ वर नाही. सोबत शब्द नसलेली प्रत हवी, आणि जमलं तर स्टेम्स, म्हणजे आवाज, तालवाद्य, बास, बाकीची वाद्यं असे वेगळे थर. संवादावर गाणं चढतंय असं वाटलं की संकलक आवाजाचा थर काढून टाकतो आणि तुमचं गाणं प्रसंगात टिकतं. थर नसले तर तो गाणंच काढतो.

पैशांचा दुसरा हप्ता बहुतेकांना माहीतच नसतो. परवान्याची रक्कम एकदाच येते, पण मालिका वाहिनीवर जितक्यांदा दिसते तितक्यांदा रचनेची रॉयल्टी निघते. ती गोळा करते आयपीआरएस, १९६९ पासूनची संस्था, २०१७ साली कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झालेली. सदस्यत्व गीतकार-संगीतकारानं स्वतः घ्यायचं आणि गाणी नोंदवायची. सिंकचा परवाना ही संस्था देत नाही, तो तुमच्याच हातात राहतो. गायक-वादकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) ही वेगळी संस्था आहे.

आणि या सगळ्याला जोडणारा कागद म्हणजे क्यू शीट. भाग तयार झाला की निर्मिती संस्था एक तक्ता करते: कितव्या मिनिटाला कुठलं गाणं, किती सेकंद, पार्श्वभूमीला की दृश्यात, संगीतकार, गीतकार, मालक. कुणीतरी नवखा सहायक शेवटच्या रात्री तो भरतो. त्यानं संगीतकाराच्या रकान्यात बँडचं नाव टाकलं, किंवा ‘पारंपरिक’ लिहून मोकळा झाला, की पैसे वाटेतच अडकतात. कारण आयपीआरएसच्या यादीत बँड नसतो, माणूस असतो. तेव्हा क्यू शीटची प्रत मिळेल, हे कलम करारात घालून घ्यायचं, आणि आपल्या ओळी आपणच टाइप करून सहायकाला पाठवायच्या. तो दुवा देतो.

एवढं करूनही कुणी न विचारता गाणं उचललं, किंवा परवान्याबाहेर वापरलं तर? तेव्हा जबलपुरात असणं आड येत नाही, उलट कामी येतं. कॉपीराइट कायद्याच्या ६२ व्या कलमानं हक्कधारकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. निर्माता अंधेरीत बसला असला तरी त्याच्या वकिलाला जबलपूरची गाडी धरावी लागते. अपिलात गेला तरी सुटका नाही, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपुरातच आहे. मुंबईच्या मसुद्यात शेवटच्या पानावर ‘वाद उद्भवल्यास फक्त मुंबईच्या न्यायालयांचे अधिकारक्षेत्र’ असं एक निरुपद्रवी दिसणारं कलम असतं, ते याचसाठी. पैशांवर घासाघीस करून दमलेला माणूस ते पान न वाचता सही करतो. ते आधी वाचावं, ‘फक्त मुंबई’ खोडून ‘जबलपूर’ लिहावं आणि मसुदा परत पाठवावा. मान्य होईलच असं नाही. पण ते सोडायच्या बदल्यात मुदत दहाची पाच वर्षं करून मागता येते.